कानवाल्यांची बारीक शिट्टी

"बसत नाई भाऊ, जाऊन राहिलो," असं म्हणत कानवाले माझ्या दुकानात शिरायचे आणि पुढचा तासभर तिथेच असायचे. उभे, पण एका जागी नव्हे. काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पायरीवर, मग परत आत. मध्येच भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे, पंख्याचं बटण उगाच बंद करून चालू करायचे. माझ्या हातात बारीक स्क्रू असायचा आणि त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं फिरायचं. "काका, थांबा नं एका जागी!" मी ओरडायचो. "थांबलो नं बाप्पा," ते चालता चालताच म्हणायचे.

अमरावतीत बसस्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते एका धर्मादाय दवाखान्याच्या फिरत्या गाडीवर कामाला होते. मेळघाटातल्या शाळांमध्ये जायचं, पोरांचे कान तपासायचे आणि ज्याला कमी ऐकू येतं त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. धारणीकडे सगळे त्यांना कानवालेच म्हणायचे. हळूहळू आम्हीही तेच म्हणायला लागलो.

त्यांचा लॅपटॉप तुम्ही पाहायला हवा होता. चांगला वीतभर जाड वाटावा असा, कोपऱ्यांना रबर, वर धरायला मूठ, प्रत्येक भोकावर झाकण. फौजेत वापरतात त्या जातीचा. कुणा देणगीदारानं दिलेला. जीपच्या टपावरून पडला होता, नाल्यात भिजला होता, एकदा त्यावर बकरी उभी राहिली होती. माझ्या टेबलावर तो आपटून ठेवत ते म्हणायचे, "आपटा, काई होत नाई त्याले." माझं टेबल मात्र तितकं मजबूत नव्हतं.

एकदा त्याचं चार्जिंग बिघडलं. कॅम्प सुरू असल्यामुळे त्यांना अमरावतीला यायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी मलाच गाडीत घालून धारणीच्या पुढच्या एका शाळेत नेलं. घाटात मी जीव मुठीत धरून बसलो होतो आणि हे पुढच्या सीटवर सारखे वळून माझ्याशी बोलत होते. त्या प्रवासात मला त्यांच्या बहिणीची गोष्ट कळली. घर चांदूर बाजारचं, भाजीपाला पिकवून विकणारं. बहीण शाळेत मागच्या बाकावर. "मास्तर म्हणे, ढ हाय. ढ कायची भाऊ, तिले बारीक आवाज आयकूच येत नव्हते! मानसाचं बोलनं कानावर पडे, पन समजत नव्हतं. मार खाऊन खाऊन शाळा सुटली तिची. कोनाले समजलं नाई, आमालेही नाई." मग म्हणाले, "एक पोट्टं आपल्या हातून सुटलं का गेली त्याची जिंदगी."

शाळेत पोचलो आणि मला माणूस ओळखू येईना. पोराच्या कानांवर हेडफोन चढवला, "आवाज आला का बोट वर" असं खुणेनं समजावलं आणि हे लॅपटॉपसमोर बसले ते बसलेच. पाय हलेना, मान हलेना. फक्त एक बोट बटणावर आणि नजर त्या पोराच्या बोटावर. वर्गाबाहेर कोंबडा ओरडला तरी यांनी पापणी लववली नाही. शेवटचं पोर उठलं आणि हे लगेच उठून येरझाऱ्या घालायला लागले.

त्यांचा एक नेम होता. कॅम्पच्या सकाळी पहिल्या पोराआधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचा आणि जाड आवाजापासून बारीक शिट्टीपर्यंत सगळे आवाज स्वतः ऐकायचे. "पयले माह्या कानाले इचारतो, मंग पोट्ट्याच्या." मशीन तपासायला कंपनीकडे पाठवली की महिनोन्‌महिने अडकायची. एका जुन्या डॉक्टरांनी त्यांना हा उपाय शिकवला होता. आवाज कमी वाटला तर तो वाढवून पक्का करायची सोय त्या प्रोग्राममध्ये होतीच. मला ती पद्धत फार आवडली होती. स्वतः चाखल्याशिवाय पंगतीत भाजी न वाढणारा आचारी मला नेहमीच भरवशाचा वाटतो.

मागल्या वर्षी दवाखान्यानं ठरवलं की तपासणीचे अहवाल आता ऑनलाइन भरायचे. त्यांच्या जुन्या सिस्टीमवर ते पानच उघडेना. मेमरी इतकी कमी होती की गोल चक्र फिरत राहायचं आणि त्याच्याभोवती हे फिरत राहायचे. शेवटी लॅपटॉप घेऊन आले. "मेमरी वाढवा, सिस्टीम नवी टाका. सोमवारी कॅम्प हाय, त्याच्या आत पायजे."

"जुन्या सेटिंगा सगळ्या जातील बरं काका. कानाचा प्रोग्राम कोरा टाकावा लागन."

"टाका नं! कोनाची वाट पायता?"

असल्या लॅपटॉपचं पोट उघडणं म्हणजे झाकण उचलून आत बघणं नव्हे. स्क्रूंमागून स्क्रू, मग रबराची गोल पट्टी. ती तिथल्या तिथे परत बसली नाही तर पुढच्या पावसात पाणी आत. आत मेळघाटची धूळ पिठासारखी साठली होती. ब्रशनं ती काढली, नवी रॅम बसवली, जुनी डिस्क काढून नवी लावली, सिस्टीम टाकली, कानाचा प्रोग्राम टाकला. जुनी डिस्क मी कधीच लगेच पुसत नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

लॅपटॉप न्यायला आले तेव्हा खूश होते. चक्र फिरत नाही, पान झटकन उघडतं. मग त्यांनी हेडफोन लावला आणि चेहरा उतरला.

"भाऊ, बारीक शिट्टी गेली."

मी हेडफोन घेतला. शिट्टी येत होती. हलकी, पण स्वच्छ. "येऊन राहिली काका."

"तुमाले काय समजते? माह्या कानाले रोजची सवय हाय. गळा दाबला तुमी मशिनीचा!"

मला राग आला. तरी साउंडचा ड्रायव्हर बदलून दिला. संध्याकाळी परत आले, शिट्टी नाही. प्रोग्राम पुन्हा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी हे दारात. सोमवार जवळ येत होता आणि त्यांचा आवाज चढत होता. गल्लीत दोन-चार माणसं जमेपर्यंत आमचं भांडण गेलं. "पोट्ट्याइचं काम हाय, समजते का तुमाले?" ते ओरडले. "समजते म्हणूनच करून राहिलो!" मीही ओरडलो. इतक्या वर्षांच्या कामात कुणी मला असं खोटं पाडलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटत होतं.

शेवटी मी तणतणत कपाटातून जुनी डिस्क काढली आणि पहिल्यासारखी लावून दिली. "घ्या तुमची मशीन. ऐका."

हेडफोन लावला आणि यांचा चेहरा उजळला. "हे पाय! हे! याले म्हन्ते शिट्टी!" विजयी मुद्रेनं हेडफोन काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. शिट्टी चालूच होती.

तेवढ्यात माझी बायको डबा घेऊन दुकानात शिरली. दारातूनच कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काय वाजून राहिलं हे? कान फाटले! बंद करा नं."

मलाही ती शिट्टी ऐकू येत होती, हेडफोन न लावता, समोर पडलेल्या हेडफोनमधून. मी कानवाल्यांकडे पाहिलं. ते बायकोकडे पाहत होते.

"काय वाजून राहिलं वहिनी?"

"हे काय, हेडफोन! शिट्टी."

त्यांनी हेडफोनकडे पाहिलं. खाली वाकले, अगदी कान टेकवायचा तेवढा बाकी ठेवून. मग सरळ झाले. मी नवी डिस्क लावून तीच शिट्टी, आवाजाच्या त्याच पायरीवर लावली आणि हेडफोन बायकोच्या कानांवर ठेवला. "आता बरोबर," ती म्हणाली, "बारीक आहे, पण येते." तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

कानवाले स्टुलावर बसले. माझ्या दुकानात ते पहिल्यांदाच बसले. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"मले वाटलं मशीन म्हातारी झाली," ते म्हणाले. "कॅम्पच्या सकाळी थोडी कमी आयकू येई, का थोडा आवाज वाढवो. मंग पुन्हा थोडा." मग माझ्याकडे बघून, "भाऊ, एवढ्या आवाजावर तं माह्या बहिणीनंही बोट वर केलं असतं."

खोटं बोलून धीर द्यावा असं फार वाटलं. पण ज्यांना कमी ऐकू येत होतं त्या पोरांना यांनी मोठी शिट्टी वाजवून पास केलं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ती पोरं आता मागच्या बाकावर असणार.

"जुनी डिस्क हाय अजून," मी हळूच म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. बहुतेक त्यांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढे आली. हळू बोललो म्हणून त्यांना ऐकू आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडून दिलं, हेही मला आजवर कळलेलं नाही. ते उठले. "नवीच ठेवा. पट्टी नीट बसवा, पानी गेलं नाई पायजे." आणि तिथून सरळ दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून मोकळे झाले.

मशीनला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. दवाखान्यानं अकोल्याची एक मुलगी नव्यानं घेतली. ती तपासायची आणि हे आधी पास केलेली पोरं पुन्हा गोळा करून आणायचे, कारण कोण कुठल्या पाड्यावर राहतं ते यांनाच पाठ. शाळेत नसलं तर शेतात, शेतात नसलं तर बाजारात. स्वतःसाठी कानाचं मशीन घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगून पाहिलं. "पोट्टे सरू द्या," एवढंच उत्तर. मधून कधी दुकानावरून जाताना पायरीवर थांबायचे. "आज दोघांचं बोट नाई उठलं भाऊ," असं सांगायचे. मी काही बोलायच्या आत रस्ता ओलांडून पलीकडे. मग ते येईनासेच झाले.

उन्हाळ्यात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे ट्रकचा आवाज आणि त्यावर यांचा ओरडा.

"भाऊ! सापडली ती राहिलेली पोट्टी! मायबाप अकोल्याले वीटभट्टीवर घेऊन आले होते तिले, म्हून दिसत नव्हती! बसवली आज तिच्या कानात मशीन! तुमी काय बोलून राहिले मले आयकू येत नाई. घ्या, हिच्याशी बोला!"

फोनवर ती पोरगी आली. "हॅलो," ती म्हणाली.

मी मुद्दाम आवाज खाली आणला, शेजारी बसलेल्या बायकोलाही ऐकू येणार नाही इतका. "त्यांना सांग, आता स्वतःच्या कानालाही मशीन बसवून घ्या."

पलीकडे तिनं माझं वाक्य शब्दाला शब्द जसंच्या तसं ओरडून सांगितलं. एकही अक्षर गाळलं नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते तं चालले गेले," ती म्हणाली. "अजून एक पोरगा राहिला म्हणे."