टाचेमागची गाठ आणि पोलादपूरची वंशावळ

लोक पोलादपूरला थांबतात ते महाबळेश्वरला जाताना चहा प्यायला. मी तीन दिवस राहायला गेले, आणि तेही भावकीकडे रक्त मागायला. अशा सहलीचं पॅकेज कुठे मिळत नाही, म्हणून तपशीलवार लिहिते.

झालं असं, की काही महिन्यांपूर्वी माझा रक्ताचा रिपोर्ट आला. मी त्रेचाळीस वर्षांची, रोज टेकडी चढणारी, ऑफिसात वडापाव खाणाऱ्यांकडे दयेने बघणारी पुणेकर बाई. माझं कोलेस्टेरॉल सगळ्या वडापाववाल्यांना मागे टाकून वर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचं विचारलं. बाबा सेहेचाळिसाव्या वर्षी मुंबईत कामावर असतानाच गेले. त्यांच्या आधी दोन वर्षं धाकटा काका गावी वारला, चौतिसाव्या वर्षी. मग जनुकांची तपासणी झाली आणि कळलं, की दोष जेवणात नाही, जन्मात आहे. एका जनुकातल्या बिघाडामुळे शरीर रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलतच नाही. ज्याच्यात हा बिघाड, त्याच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळायची शक्यता अर्धी. लवकर कळलं तर बहुतेकांचं रोजच्या साध्या गोळीवर निभावतं.

बाई म्हणाल्या, तुम्हाला गोळी देऊन माझं निम्मंच काम झालंय, उरलेलं तुमच्या नातेवाइकांत आहे. त्यांनी एक कोरा तक्ता हातात दिला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्याला तिरकी काट. माझ्या डोळ्यांपुढे एकच चौकोन आला, काकाचा मुलगा संतोष. वय छत्तीस, बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि आंबेनळी घाटात पर्यटकांची जीप चालवतो.

वरंध घाटातला रस्ता चालू आहे की बंद, याची तिघांनी तीन उत्तरं दिल्यावर मी स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे जाणारी महाडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. आयुष्यात पहिल्यांदाच ‘अर्धं’ या शब्दाने सवलत नाही, शक्यता आठवली. थंडीचे दिवस, माणगावनंतर दोन्हीकडे भात कापून मोकळी झालेली शेतं, आणि महामार्गाचं काम अजून चालूच. नियोजन करताना तासभर जास्तीचा धरा.

महाडला उतरून मिसळ खाल्ली (झणझणीत, पाव मऊ, तर्री मी घेतली नाही, याची नोंद व्हावी) आणि चालत चवदार तळ्यावर गेले. पायऱ्यांवर एक शिक्षक मुलांना सांगत होते, की पाणी सगळ्यांचं असतं हे सांगायलासुद्धा इथे माणसांना चालत यावं लागलं. मी तिथे बराच वेळ बसले. माझ्याकडे तर पाण्याहून साधी गोष्ट होती, नुसती माहिती. ती वाटायला कोण अडवणार, असं मला वाटत होतं.

संतोष जीप घेऊन आला. पोलादपूर अर्ध्या तासावर, तिथून आमची वाडी घाटाच्या पायथ्याला. इंदूकाकूने, म्हणजे संतोषच्या आईने, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं आणि शांतपणे विचारलं, "कशाला आलीस गो, इतक्या वरसांनी?"

मी पिशवीतून तक्ता काढला आणि तिथेच घात झाला. आमच्या भागात मुंबई-पुण्याचं माणूस अचानक येऊन सगळ्यांची नावं, वयं आणि कोण कधी मेलं ते विचारायला लागलं, की त्याचा अर्थ एकच होतो. सातबाऱ्यावर नाव लावायला आलंय. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की थोरल्याची मुलगी वाटणी मागते. शेजारच्या ओटीवरचे दोन चुलतभाऊ आपल्या बापाचं नावसुद्धा आठवेनात. रक्त मागते म्हटल्यावर तर खात्रीच पटली. वारस ठरवायला कोर्टात रक्तच तपासतात ना.

दुसऱ्या दिवशी संतोष मला तात्यांकडे घेऊन गेला. तात्या म्हणजे बाबांचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोलीसपाटील. सात पिढ्यांची वंशावळ त्यांना तोंडपाठ, अर्थात बायका वगळून. घरातही कॅनव्हासचे बूट घालून बसले होते. काकू मागोमाग आली आणि दाराशी टेकली.

"टाच दाखव," तात्या म्हणाले.

ही आमच्या घराण्याची खूण. टाचेच्या मागे, वर जाणाऱ्या जाड शिरेवर एक टणक गाठ. ज्याला गाठ तो अस्सल आमचा, असं वाडीत पूर्वापार मानतात आणि अभिमानाने सांगतात. मी सलवार वर केली. माझी गाठ बघून तात्यांचा चेहरा पडला. वारस पक्की होती.

मी त्यांना सांगितलं, की हा अभिमान म्हणजे साठलेलं कोलेस्टेरॉल आहे आणि ते हृदयाच्या नळ्यांतही असंच साठतं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. घराण्यातले कर्ते पुरुष तरणेताठे जातात ते राखणीत खोट राहिली म्हणून, असं त्यांचं म्हणणं. राखण म्हणजे वाडीच्या देवाला दरवर्षी द्यायचा कोंबडा. पिढ्यान्‌पिढ्या तो न चुकता देतात. रोगप्रतिबंधाची इतकी शिस्तशीर मोहीम मी दुसरी पाहिली नाही, फक्त तिचा परिणाम कोंबड्यावरच होत होता.

शेवटी मी तक्त्याच्या मागे ‘हा कागद जमिनीसाठी नाही’ असं लिहून सही केली. तात्यांनी ती दोनदा वाचली आणि नावं सांगायला लागले. मी चौकोन काढत होते, काट मारत होते. काकाच्या चौकोनावर काट मारली, तेवढ्यात दारातून काकूचा आवाज आला.

"त्यांच्या टाचंला होती. दोन्ही."

आम्ही वर पाहिलं. काकू तक्त्याकडे बघत बोलत होती. या घरात सून म्हणून आल्यापासून तिने सगळ्यांचे पाय चेपले होते, सासऱ्यांचे, दिरांचे, आल्यागेल्याचे. एकेक टाच तिला ठाऊक होती. मी नाव घ्यायचे, ती ‘होती’ किंवा ‘नव्हती’ म्हणायची. जिथे होती म्हणायची, तिथे बहुतेक आधीच काट असायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की गाठ नाही म्हणजे सुटला असं समजू नका, रक्त तपासायलाच हवं. ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

"आन् तात्यांच्या नाय," काकू म्हणाली.

तात्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. जन्मभर बुटात लपवलेली गोष्ट अशी ओटीवर आली. मी त्यांना म्हटलं, तात्या, बहुतेक म्हणूनच तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे झालात. त्यांनी पाय पुन्हा पुढे घेतले. मग संतोषकडे बघून म्हणाले, "उद्या जा. सगळ्यांनी जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी संतोषची जीप भरून भावकी महाडच्या लॅबकडे उपाशीपोटी निघाली. एकाने वाटेत बिस्किटं खाल्ली आणि बिस्किट म्हणजे काय जेवण हाय का, असं सगळ्यांना विचारत बसला. (वाचकांसाठी: चरबीच्या तपासणीचा खर्च काहीशे रुपयांत भागतो. घरातला एक बिघाड माहीत झाला, की बाकीच्यांची सुरुवात या साध्या तपासणीने होते.) संतोषने हात पुढे केला तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

परतताना त्याने मला आंबेनळीतून महाबळेश्वरला सोडलं. घाट देखणा आहे, वळणं अवघड, पावसाळ्यात दरडी येतात तेव्हा चौकशी करूनच निघा. मी मात्र दरीकडे न बघता त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या सांध्यांवरही गाठी होत्या.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. संतोषचं कोलेस्टेरॉल माझ्याहून जास्त. महाडच्या डॉक्टरांनी हृदयाचीही तपासणी करून घेतली. वेळेत आलात म्हणाले आणि गोळ्या सुरू केल्या. त्याच्या मुलीचंही रक्त आता तपासायचंय. तात्या निर्दोष. बिस्किटवाल्याची पुन्हा तपासणी.

आठवडाभराने काकूचा फोन आला. संतोष गोळी घेतो, यंदाची राखणही दिली, दोन्ही चालू ठेवणार म्हणाली. मग विचारलं:

"एक सांग. ते जे काय हाय, ते ह्यांच्या जल्मापासनंच होतं ना? लगीन व्हायच्या आधीपासनं?"

मी हो म्हटलं.

इथे मला एक कबूल करायला हवं. काका गेला तेव्हा वाडी काकूला पांढऱ्या पायाची म्हणाली. दोन वर्षांनी बाबा गेले, तेव्हा आमच्या घरातही तोच शब्द आला. आई तिच्याशी बोलायची थांबली आणि आम्ही गावाला जायचे थांबलो. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, पण नंतरची तीस वर्षं काही तेरा वर्षांची नव्हते. मला लाज वाटली, आणि तिला मी तसं सांगितलं.

"मंग तसं लिवून धाड," एवढंच म्हणाली. "मोठ्या अक्षरात. तुझी सही कर, नि त्या डाक्तरीणबायची पन घे."

मी लिहिलं: हा आजार आमच्या घराण्यात जन्मानेच चालत आलेला आहे. इंदूकाकूचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि काही न विचारता सही केली.

काल संतोषने फोटो पाठवला. काकाच्या फोटोशेजारी, त्याच उंचीवर, तो कागद चौकटीत बसवून टांगलाय. घरी कुणीही आलं, की आई आधी तो मोठ्याने वाचायला लावते, म्हणाला, आणि मगच चहा ठेवते. तात्या आत्तापर्यंत तीनदा वाचून गेलेत.