राघोच्या होकारासाठी थांबणारे साहेब

श्रीवर्धनहून येणारी सकाळची एस.टी. बोर्ली पंचतनच्या अलीकडे, आमच्या रस्त्याच्या कामापाशी थांबली. ओव्हरसिअर काळेसाहेब रोज याच गाडीनं येत. त्या दिवशी उतरला तो कंडक्टर. "तुमचे साहेब गेले," तो म्हणाला. मी विचारलं, कुठं गेले? सकाळी सदरा घालता घालता ते खाली बसले ते उठलेच नाहीत, एवढं सांगून तो गाडीत चढला. आदल्या संध्याकाळीच तर उद्या लवकर सुरुवात करू म्हणाले होते. वय अवघं बेचाळीस. तीन आठवडे झाले, मला अजून ते पटत नाही.

मी या कामावरचा मुकादम. स्वातंत्र्यानंतर आमच्या भागात रस्ते होऊ लागले, त्यातलाच हा एक. डोंगराचा कातळ सुरुंगानं फोडायचा. साहेबांच्या आधीच्या ओव्हरसिअरनं एकदा सुरुंगाचे सगळे बार उडाले असं सांगून माणसांना वर कातळावर पाठवलं होतं. एक उडायचा राहिला होता. तो नंतर उडाला, त्यात राघो या मजुराची दोन बोटं गेली. तेव्हापासून वरिष्ठांच्या शब्दावर कुणी पाऊल उचलेना.

काळेसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात राघोला सगळ्यांसमोर सांगितलं, "बार उडतील तसे त्यांचे आवाज तू मोजायचे. तू हो म्हणेपर्यंत मी कुणाला वर पाठवणार नाही."

मला ते काही रुचलं नाही. मजुरानं ठरवायचं आणि साहेबानं थांबायचं! पुढं एकदा मोठे इंजिनिअर पाहणीला आले. आठ बार लावले होते. साहेबांनी आणि मी आठ ऐकले. राघो म्हणाला, सातच. इंजिनिअरांची जीप खोळंबली, ते चिडले, सर्वांदेखत साहेबांना नाही नाही ते बोलले. साहेब शांतपणे म्हणाले, राघोनं अजून हो म्हटलेलं नाही. तासभर आम्ही उन्हात बसलो. मग साहेब स्वतः एकटेच वर गेले... आठही बार उडाले होते.

राघोची मान खाली गेली. सगळे पांगल्यावर तो साहेबांकडे आला. "माझा कान चुकला, साहेब. उद्यापासून दुसरा कोणी बघा."

"तुझा चुकला तर तास जातो," साहेब म्हणाले. "माझा चुकला तर माणूस जातं. उद्या तूच मोज."

पुढं साहेबांची बढती अडली. का अडली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ते गेल्यावर काम तात्पुरतं माझ्याकडे आलं. परवा धर्मा गवंडी आपणहून माझ्यापुढे उभा राहिला. रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीच्या भिंतीत आदल्या दिवशी सिमेंट कमी पडलं, ती पाडावी लागेल, म्हणाला. गिलावा झाल्यावर कुणाला कळलंही नसतं. माझ्या तोंडावर शिवी आली होती. ती गिळली आणि विचारलं, मला का सांगितलंस?

"साहेबांना सांगितलंच असतं," तो म्हणाला. "आता साहेब न्हायत. तुम्ही हाय."

मी पहार उचलली आणि त्याच्या मागोमाग मोरीकडे गेलो.