टेबलाखालची शिंक

नकाशे सर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फळ्यावर एका दमात अख्ख्या खंडाचा नकाशा काढायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि नेमके तेव्हाच सगळे वर्ग घरून, लॅपटॉपवरून घ्यायचे ठरले. आधी शिक्षकांनी एकमेकांसमोर पाठ घेऊन सराव करायचा, मग मुलांबरोबर. ज्याला जमणार नाही त्याचे वर्ग दुसऱ्याकडे जातील, असंही सांगितलं गेलं.

ते शेवटचं सरांच्या काळजात रुतलं. त्यांनी माऊस धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात ते आणि सून. तिने दोन दिवस जीव तोडून शिकवलं, पण सरांचा हात काही वळेना. शेवटी युक्ती त्यांनीच काढली. चित्रं तिने क्रमाने लावून ठेवायची आणि वायरचा माऊस घेऊन टेबलाखाली बसायचं. सरांनी पाय आपटला की तिने कळ दाबायची.

पहिल्या सरावाला कमाल झाली. सर नदीचं नाव घेत आणि नदी समोर हजर. खेळाच्या सरांना अजून स्वतःचा कॅमेरा छतावरून खाली आणता आला नव्हता. ते छतातूनच म्हणाले, की नकाशे सर छुपे रुस्तम निघाले. सरांची छाती फुगली. तेवढ्यात टेबलाखाली सून शिंकली, लागोपाठ दोनदा.

"कोण आहे हो तिकडे?" मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं.

"कोणी नाही. कामवाली आहे, केर काढतेय."

तोंडून गेलं आणि मग सरांच्या ध्यानात आलं, की ती त्यांच्या गुडघ्यापासून हातभरही लांब नाही. त्यांनी घाबरत पाय आपटला. पुढचं चित्र अगदी वेळेवर आलं.

उद्या बाकीच्यांना नकाशे सरच शिकवतील, असं मोठ्या बाईंनी जाहीर करून टाकलं. सून बाहेर आली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि आत गेली. थोड्या वेळाने कप समोर ठेवत म्हणाली, "बाबा, केर कामवालीने काढलाय. चहा मी केलाय."

सरांना मान वर करता आली नाही. आयुष्यभर त्यांनी पोरांना बाकावर उभं करून चूक कबूल करायला लावली होती. स्वतःच्या घरात मात्र दोन शब्द तोंडातून निघेनात.

दुसऱ्या दिवशी सगळे चेहरे पडद्यावर जमले. सून सवयीने टेबलाखाली वाकली, तेव्हा सरांनी शेजारी खुर्ची ओढली.

"खाली नको. इथे बस." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "काल शिंकली ती माझी सून. चित्रंही तीच बदलत होती. मला यातलं काही येत नाही."

खेळाच्या सरांचं फक्त छतच दिसत होतं, तेवढंच सरांना बरं वाटलं.

"मग आज शिकवणार कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सुनेने सरांकडे न बघता लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तासाभरात खेळाचे सरसुद्धा छतावरून खाली उतरले. मग तिने माऊस सासऱ्यांच्या हाताखाली सरकवला.

"आता तुम्ही दाबा."

बाण भलतीकडेच पळाला. सगळी शाळा बघत होती. सून हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली, आणि सर लाल झालेल्या कानांनी त्या बाणाच्या मागे लागले.