करडाच्या वाट्याचं दूध

शेळीला आचळं दोनच असतात. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणा, पण मी मुद्दाम सांगते. ज्यांनी आम्हांला शेळी दिली त्या शिकल्यासवरल्या माणसांच्या हे कुठे लक्षातच आलं नव्हतं, असं मला आजही वाटतं, आणि वाटलं की डोकं फिरतं.

आमचा पाडा घोटीच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. तिकडे दुष्काळ पडला होता असं नाशकातल्या माझ्या शेजारणींना सांगितलं की त्या हसतात. "अगं, इगतपुरीकडे? तिथे तर भिंतींना शेवाळ येतं!" येतं ना बाई, कुणी नाही म्हणतंय? पण बहात्तरच्या त्या सालात भात पोटरीला आलं आणि पाऊस गेला तो गेलाच. भात उभ्या उभ्या वाळलं. वरच्या उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीतल्या नागलीचं तेच झालं. डोंगरातल्या माणसाला दुष्काळाची सवय नसते, कोरडं कसं जगायचं ते आम्हांला येतच नव्हतं.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. माझा भाऊ भादव्यात जन्मला आणि दिवाळीला आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. भाऊ तिथेच झाडाला बांधलेल्या झोळीत. खायला रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेतून आलेली ज्वारी, आणि कामावर मिळायची ती सुकडीची पूड. मिलोच्या भाकरीनं पोट फुगायचं, अंगाला काही लागायचं नाही. पौषात आईचं दूध गेलं. मग ती मिलोची पेज करून तिच्या वरचं पाणी भावाला बोटानं चाटवायची. तो रडायचा तेव्हा तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. मी लहान होते, पण एवढं मला कळत होतं की हा आता जातो.

त्याच सुमाराला एक संस्था पाड्यावर शेळ्या घेऊन आली. तान्हं पोर असलेल्या घराला एक गाभण शेळी, फुकट; पण शेळ्या मोजक्याच, सगळ्या घरांना पुरल्या नाहीत. अट एकच. शेळीला पहिलं मादी करडू झालं की ते पाड्यातल्या दुसऱ्या गरजू घराला द्यायचं. संस्थेचा माणूस आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "घेणारे होऊन राहू नका, देणारे व्हा." ऐकायला किती गोड! दूध कसं काढायचं, कसं उकळायचं, पोराला कसं पाजायचं, सगळं त्यानं सांगितलं. एक अॅल्युमिनियमचा मगही दिला. पाड्यातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे साहेब बोलला की मान हलवायची पद्धत होती, पटलं की नाही तो विषय निराळा.

कारण आमच्या पाड्यात जनावराचं दूध कुणी काढतच नसे. गाय कशाला, तर नांगराला बैल व्हावेत म्हणून. शेळी कशाला, तर अडीनडीला विकायला. दूध ज्याच्या आईचं त्याचं. चहा कोरा, गुळाचा. दुसऱ्याच्या पोराचं दूध भांड्यात काढून घेणं म्हणजे चोरी, आणि चोरीचं दूध बाधतं, असं सगळे मानायचे. हे त्या माणसाला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं कुणाला विचारलं नाही. आईनं त्या मगानं माठातलं पाणी काढायला सुरुवात केली.

शेळी व्याली आणि एकच करडू झालं, मादी. माझा बा घोटीला हमालीला जायचा. बाजारात त्यानं दूध काढणारी माणसं पाहिली होती. तो मग घेऊन शेळीखाली बसला, तर आईनं त्याच्या हातातून मग हिसकावून घेतला.

"तिच्या पोराच्या तोंडातलं काढून माझ्या पोराला घालू? लागंल का त्याला ते?"

"आगं, पोर मरतंय आन् तू करडाचं बघतीस?" बा ओरडला.

"मरतंय ते मला दिसत नाय व्हय?"

दोघं भांडत होते आणि भाऊ कोपऱ्यात आवाज न करता रडत होता. मला आईचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन शेळीलाच एक दणका घातला. बिचारीचा काय दोष? पण आईला मारता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली नाही. करडू पिऊन झोपलं होतं आणि शेळीच्या एका आचळातून दूध आपलं आपण ठिबकत होतं. आई किती तरी वेळ त्या थेंबांकडे बघत बसली. मग उठली, लुगड्याचा पदर करडाच्या अंगावरून चांगला चोळून घेतला, आणि त्याच पदरानं भावाचं डोकं, पाठ, पोट पुसून काढलं. भावाला मांडीवर घेऊन ती शेळीच्या पुढ्यात बसली. शेळीनं त्याचं डोकं हुंगलं, नाक फेंदारलं, पुन्हा हुंगलं. मग आईनं त्याला तिच्या आचळाशी धरलं. दोन-तीनदा शेळीनं लाथ मारली, एकदा तर आईच्या हनुवटीवरच बसली. आई हलली नाही. शेवटी शेळी उभी राहिली, आणि माझा भाऊ प्यायला. त्याच्या घशाचा घटघट आवाज मला दारात ऐकू येत होता. मी आईच्या गळ्यात पडून रडले.

त्या दिवसापासून आईनं वाटणी ठरवली. डावं आचळ करडाचं, उजवं भावाचं. भांड्यात काढलं तर ती चोरी. आचळाला लावलं आणि शेळीनं पान्हा सोडला, तर तिनं आपणहून दिलं. करडू डोकं घुसवून उजव्या बाजूला आलं तर आई त्याला डावीकडे ढकलायची, "ए भवाने, तुझं तिकडं!" आणि भावाचा हात डावीकडे गेला तरी तितक्याच कडकपणे मागे ओढायची. तिच्या न्यायात दोघं सारखी होती.

होळीपर्यंत भावानं बाळसं धरलं. हसायला लागला, बसायला लागला. संस्थेच्या माणसानं हे पाहिलं तेव्हा तो हबकलाच. "अहो बाई, काढून उकळून द्या! असं थेट कोण पाजतं?" आई म्हणाली, "आयचं दूध कोण उकळून देतं का, दादा?" तो आला होता करडू घ्यायला, अटीप्रमाणे.

करडू गेलं माझ्या काकीकडे. काकी म्हणजे बाच्या चुलतभावाची बायको, आमच्या शेजारच्याच खोपटात राहणारी. तिचा नवरा कामाच्या शोधात गेला होता तो आला नव्हता आणि तिच्या पदरी भावापेक्षा थोडी लहान मुलगी होती. काकीही आईबरोबर खडी फोडायची, तिचंही दूध गेलं होतं. करडाला कुंकू लावलं, काकीच्या हातात दिलं, त्या माणसानं फोटो काढला. काकी करडाला पोटाशी धरून उभी होती. तिनं विचारलं, "दादा, ही दूध कवा देईल?"

"वाढवा की चांगली. वर्ष-सव्वा वर्षात व्याईल."

काकी त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या कडेला ती मुलगी होती, मान टाकलेली. वर्ष-सव्वा वर्षात! मला आजही त्या माणसाला गाठून विचारावंसं वाटतं की बाबा रे, तुझी भूक थांबली असती का तेवढी? माणूस वाईट नव्हता. चांगल्या मनानं आला होता, उन्हातान्हात पायपीट करून. पण त्याच्या मनातली गरिबी रांगेत उभी राहणारी होती.

दुसऱ्याच दिवशी काकी मुलीला घेऊन आमच्या अंगणात आली.

"आक्का, करडू म्या बांधून ठिवते. पाल्यावर जगंल ते. त्याच्या वाट्याचं माझ्या पोरीला पिऊ दे."

बा तटकन उठला. "करडू गेलं तवा दोन्ही आचळं आमच्या पोराची झाली. ते काय तुला आंदण दिलंय का?"

"करडू माझं हाय ना आता? मग त्याचं आचळ बी माझंच."

मला सांगायला लाज वाटत नाही, मी बाच्या बाजूची होते. भाऊ नुकता कुठे माणसात आला होता. त्याला दोन्ही मिळाली तर तो आणखी गुबगुबीत होईल, असं मला वाटत होतं. आईनं काकीच्या मुलीकडे पाहिलं, मग काकीच्या खोपटाकडे पाहिलं, तिथे करडू दाव्याला हिसडे देत शेळीला हाका मारत होतं. मग ती तिकडे गेली, पदर करडाच्या अंगावरून चोळून घेतला आणि परत येऊन काकीच्या मुलीला पुसायला लागली. बा तावातावानं निघून गेला आणि दिवसभर परतला नाही.

पुढे रोज असंच चाललं. उजव्याला भाऊ, डाव्याला काकीची पोर. काकी शेळीसाठी लांबून डोंगरातून उंबराचा, पिंपळाचा पाला ओरबाडून आणायची, हात रक्ताळलेले. पण चैत्र सरला तसा पालाही संपला. कास दिवसेंदिवस आकसत गेली. भाऊ प्यायचा, आचळ सोडायचा आणि आणखी हवं म्हणून हात मारायचा. आई त्याला डावीकडे जाऊ द्यायची नाही. बा दातओठ खाऊन बोलायचा, "आपल्या हातानं आपलं पोर मारशील." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

वैशाखात विहिरीचा गाळ तेवढा राहिला. पाड्यात पोरांना जुलाब सुरू झाले. भावाला झाले, काकीच्या मुलीलाही झाले. बा भावाला खांद्यावर टाकून घोटीच्या दवाखान्यात घेऊन गेला, औषध घेऊन परत आला. बाटली अर्धी झाली नव्हती तेवढ्यात भाऊ गेला. काकीची मुलगी जगली.

दूध वाटलं म्हणून गेला की पाण्यानं गेला, कोण सांगणार? दोन्ही आचळं मिळाली असती तर अंगात थोडी ताकद राहिली असती आणि जुलाब त्यानं सोसले असते, असं बाचं म्हणणं. तो मरेपर्यंत ते म्हणत राहिला. काकीच्या घराचं पाणीसुद्धा प्यायला नाही. काकीकडचं ते करडू पुढे मोठं होऊन व्यालं, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता, शेतं भरली होती आणि त्या शेळीच्या दुधाला कुणी हातही लावला नाही. संस्थेची माणसं परत आली नाहीत.

मी आश्रमशाळेत शिकले, नाशकात नोकरीला लागले, तिथलीच झाले. काकीची मुलगी गावातच वाढली. ती माझ्या आईला मोठी आय म्हणायची. आई तिला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, पण जेवताना तिच्याकडे बघायचीही नाही. मला ती मुलगी समोर नको व्हायची. तिनं काय केलं होतं? काही नाही. तरी तिचे भरलेले गाल दिसले की मी उठून आत जायची. माझा भाऊ असता तर एवढा असता, हे मोजायला ती माझ्यासमोर होती.

नव्वदच्या सुमाराला तिचं लग्न ठरलं. मी रजा काढून गेले होते. हळदीच्या आधी ती आईच्या पाया पडायला आली. आईनं तिला नवं लुगडं दिलं, डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ती गेली आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"आय, का दिलंस गं तिला? आपल्या पोराचं का दिलंस?"

बा तोवर गेला होता. घरात आम्ही दोघीच होतो. आई सुपात तांदूळ पाखडत होती, हात थांबले नाहीत.

"दिलं कुठं? करडाच्या वाट्याचं व्हतं ते. तुझ्या भावाचं आचळ म्या कुणाला लावलं नाय."

आईनं सूप खाली ठेवलं.

"फकस्त त्या शेवटल्या दिवशी," ती म्हणाली. "तुझ्या बाला सांगितलं नाय कधी. भावानं तुझ्या ओढायचं सोडलं व्हतं. म्या लावलं, पुन्यांदा लावलं, तोंडातनं वघळून आलं. उजवं आचळ पार तटलं, शेळी वरडाय लागली. मग त्याला मांडीवर तसाच ठिवला आन् पोरीला उजव्याला लावली. ती पीत व्हती, बाई. आन् तो बघत व्हता."