एका प्रश्नाचे दोनशे प्रश्न

मागील वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कार्यालयाच्या स्मरणिकेत मी लिहिले होते की, रक्तपेढीची संगणकप्रणाली मंदावली ती आमचे ज्येष्ठ सहकारी मगदूम सर यांनी बांधलेल्या जुन्या डेटाबेसमुळे. ते चूक होते. डेटाबेस उत्तम होता. संथ होता तो मी लिहिलेला भाग. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे एक ओळही लिहिता येईना.

सरांची पहिली ओळख मुलाखतीच्या दिवशीची. मी हुपरीची. घरी पैंजण घडवण्याचे काम, आणि माझी पहिली शाळा आईपुढेच भरली. जोडणी चुकली असेल, तर माल ज्याच्याकडे गेला त्याला आपण होऊन जाऊन सांगायचे, असे ती शिकवी. मुलाखत संपवून जिना उतरताना एक उत्तर चुकल्याचे माझ्या लक्षात आले. मी परत वर गेले आणि तसे सांगितले. सर शेजारच्यांना म्हणाले, “चुकलं म्हणून सांगाय परत आल्याली ही पयलीच. हिला घ्या.”

त्या वर्षी ओआरएम हे तंत्र आमच्याकडे नवे होते. प्रोग्रामरने आपल्या भाषेत ‘रक्तदाता’, ‘रक्तदान’ अशा वस्तू मांडायच्या. त्यांच्यासाठी डेटाबेसला विचारायचे प्रश्न हा दुभाषा आपोआप तयार करतो. मी हरखून गेले. रक्तपेढीत सरांच्या डेटाबेसमधले नोंदींचे तक्ते तसेच ठेवून वरचा सारा भाग मी ओआरएमने नव्याने लिहिला. तीन महिन्यांचे काम तीन आठवड्यांत झाले.

मग रक्तपेढीच्या मुल्ला सिस्टरांचा फोन आला. “पावणं, बी निगेटिव्हची यादी मागून चहा पिऊन आले, तरी पडदा कोराच हाय. तुमच्यापरीस आमचं रजिस्टर बरं हुतं की!” पेशंटचे नातेवाईक त्यांच्यासमोर उभे होते. मी घाबरले. नीट तपासण्याआधीच जुन्या तक्त्यांवर ठपका ठेवणारा अहवाल दिला आणि तेच स्मरणिकेत छापले. रक्तपेढीच्या कार्यकारिणीने सरांना सल्ल्यासाठी बोलावणे बंद केले. ते काम सर कित्येक वर्षे, केवळ आपुलकीने, करत आले होते.

सर रागावले नाहीत. स्मरणिका निघाल्यावर आठवड्याभराने त्यांनी मला शेजारी बसवले, डेटाबेसकडे जाणाऱ्या प्रश्नांची नोंद छापून घेतली आणि म्हणाले, “वाच. मोठ्यानं. मराठीत.” नवीन माणसाचे काम तपासण्याची त्यांची हीच रीत.

मी वाचू लागले. “बी निगेटिव्हचे सर्व रक्तदाते द्या. पहिल्या दात्याने शेवटचे रक्त कधी दिले? दुसऱ्या दात्याने कधी दिले? तिसऱ्या दात्याने...”

“थांबू नगो.”

“सर, पुढे सगळे तसेच आहेत. दोनशे.”

“मग तुला वाचाय कंटाळा येतोय, त्या डेटाबेसला उत्तरं द्याय येत न्हाय व्हय? अगं, कोडोलीच्या बाजारात एकेक मिरची आणाय दोनशे खेपा घालतीस काय?”

मागच्या बाकावर हशा पिकला. माझे कान तापले. शिवाय हवे होते फक्त नाव, फोन आणि तारीख; मी मात्र प्रत्येकाचा पत्ता आणि जुन्या तपासण्याही ओढून आणत होते. सरांनी दोन तक्ते जोडून एकच प्रश्न लिहायला लावला. यादी क्षणात आली.

मी ओआरएम काढूनच टाकते म्हणाले, तेव्हा त्यांनी थांबवले. “एका दात्याची नोंद कराय ते झ्याक हाय. हत्याराला दोष देऊ नगो. आपल्या नावानं ते काय इचारतंय, तेवढं ठाऊक पायजे.” नोंदणीचे पडदे आजही ओआरएमवरच चालतात, मोठ्या याद्यांचे प्रश्न मात्र आम्ही हाताने लिहितो.

त्याच दिवशी मी कार्यकारिणीला खरे सांगायला निघाले होते. सर म्हणाले, “पयली नोकरी हाय तुझी. यादी चालली, झालं की. गप बस.” मी गप्प बसले. वर्ष गेले. त्यांनी मला सांभाळून घेतले, हे खरे. पण त्यांच्या थोरपणाआड मी लपले, हेही तितकेच खरे. रक्तपेढीत त्यांचे नाव आजही ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणूनच निघते.

सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. कळंब्याच्या तळ्याकाठची त्यांची पहाटेची रपेट आणखी चाळीस वर्षे चुकू नये, आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचताना कान तापणारी नवी माणसे दरवर्षी येत राहोत.

हा ग्रंथ छापून होईपर्यंत मात्र मी थांबणार नाही. रक्तपेढीच्या कार्यकारिणीची बैठक आहे. सर नको म्हणतील, म्हणून त्यांना विचारलेले नाही. मी जाणार आहे: येत्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता.