कोंबडीमार्फत मामंजी

माझं लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं आमचे मामंजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते कोंबडीशी बोलायचे. ओसरीवर जेवायला बसले, की लाल तुऱ्याच्या कोंबडीकडे बघून म्हणायचे, “काय गं कोंबडे, आज आमटीत मीठ टाकायचं इसरलीस व्हय?” कोंबडी बिचारी दाणे टिपत असायची. आत चुलीपाशी मी जीभ चावायची आणि मिठाची वाटी बाहेर सरकवायची.

सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेनं त्यांच्यासमोर पदर नाकाखाली ओढायचा, असा तळेघरकडच्या आमच्या वाडीचा रिवाज. मी जुन्नरची. दहावीला दोनदा बसलेली, म्हणून स्वतःला दुप्पट शिकलेली समजायची. हे असलं मी मोडून काढणार, असं मैत्रिणींना सांगून सासरी आले होते. आठवड्याभरात मीच ओसरीच्या खांबाशी बोलायला लागले. “खांबा, भात झालाय म्हणावं.” “कोंबडे, वाढ म्हणावं.” असा आमचा संसार दुभाष्यांवर चालायचा.

मामंजी उतारूंची जीप चालवायचे, आणि तिच्याशी मात्र थेट बोलायचे. एस.टी.चा भरवसा नव्हता. बाजाराचे तांदूळ, अडलेली बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर, सगळं त्याच जीपमधून घोडेगावला जायचं. घरही तिच्यावरच चालायचं. चढाला ते तिच्या दारावर थोपटत, “चल गं माझे बाय, आलंच बघ टेकाड.” सासूबाई धुसफुसायच्या, “पोरं झाली, नातवंडं झाली, मला कंदी येवढ्या मायेनं हाक मारली न्हाई.” त्यावर मामंजी म्हणायचे, “तू ढकलल्याबिगर चालतीस. ती चालंना.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी नणंद कुसुम दहावीला बसली होती. वाडीतली बोर्डाला बसणारी पहिली मुलगी. परीक्षा घोडेगावला आणि पहिला पेपर त्या दिवशी. मामंजींनी सकाळीच कोंबडीला सांगितलं, “कोंबडे, जीप उपाशी हाय. तेवढं डिझेल वत म्हणावं.”

पंप लांब, म्हणून डिझेल ओसरीवर कॅनमध्ये भरून ठेवलेलं असायचं. शेजारीच तसलाच दुसरा कॅन. त्यात सासूबाई गोमूत्र साठवायच्या, वांग्यांवर शिंपडायला. दोन्हींचा रंग पिवळसर. आता कुणीही शहाणी बाई वास घेऊन बघेल. पण मामंजी अंगणात उभे, मग माझा पदर नाकाखाली! वर मला सर्दी. दुप्पट शिकलेल्या सूनबाईंनी कॅन उचलला, टाकीला नरसाळं लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतून मोकळ्या झाल्या. टाकीचं झाकण लावताना “बघा, कशी कामाची आहे मी,” असं मनात म्हटल्याचंही आठवतं.

आत आले तर सासूबाई विचारतात, “गोमूत्राचा कॅन कुटं गेला गं? वांग्यावर मावा पडलाय.”

मी ओसरीवर धावले. उरलेल्या कॅनचं बूच काढलं, पदर वर केला आणि नाक खुपसलं. सर्दी झालेल्या नाकालासुद्धा कळलं, की हे डिझेल आहे.

अंगणात मामंजी जीपमध्ये बसलेले, शेजारी कंपासपेटी पोटाशी धरून कुसुम. मामंजींचा हात चावीकडे निघालेला. एकदा का इंजिननं ते गोमूत्र ओढलं, की जीपही गेली, पेपरही गेला. आणि एवढं सगळं पणाला लागलेलं असताना मी काय केलं असेल? कोंबडी शोधली!

“अगं कोंबडे,” मी खांबाआडून बारीक आवाजात म्हणाले, “जीप चालू करू नये म्हणावं.”

“कोंबडे,” मामंजी म्हणाले, “पोरीला उशीर व्हतोय म्हणावं.”

“कोंबडे, टाकीत घोटाळा झालाय म्हणावं.”

“कोंबडे, घोटाळा सांजच्याला बघू म्हणावं.”

कोंबडी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मामंजींनी चावी धरली. तेव्हा मी खांब सोडला, पदर खांद्यावर पडला, आणि भीमाशंकरापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, “मामंजी, चावी फिरवू नका! टाकीत गोमूत्र हाय!”

वाडीत गोमूत्राचं कुणाला काही वाटलंच नाही. सून सासऱ्यावर ओरडली, याचाच धक्का. मामंजींनी चावीवरचा हात हळूच काढला, कोंबडीकडे वळून म्हणाले, “कोंबडे, हिला आवाज हाय की गं!” आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे बघून, “सूनबाई, घमेलं आन. आन् पाना.”

मी दोन घमेली आणली, पण पाना समजून विळा घेऊन गेले. इतकी घाबरले होते. मामंजी जीपखाली आडवे झाले. “इंजिन फिरलं न्हाई, म्हंजी अजून पायपात गेलं न्हाई,” ते खालून म्हणाले. टाकीखालचा नट काढला आणि घमेल्यात धार लागली. मग थोडं खरं डिझेल ओतून टाकी खळबळायची, म्हणून शेजारपाजारचे सगळे जीपला दोन्ही बाजूंनी धरून झुलवायला लागले. मीही पदर खोचून झुलवत होते. आत कुसुम पाळण्यात बसल्यासारखी डोलत व्याकरण पाठ करत होती. दाव्याला बांधलेली गाय मान वळवून बघत होती. मामंजी तिला म्हणाले, “गंगे, तुजं पेट्रोल अजून चालत न्हाई बाय बाजारात.”

नट घट्ट बसला, दुसरा कॅन टाकीत गेला. मामंजींनी चावी माझ्यापुढं धरली. “तूच आडवलीस, आता तूच फिरव.” मी फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि सुरू झाली. कुसुम घंटा होता होता वर्गात पोचली. आज ती मंचरला शिक्षिका आहे, आणि कुणी विचारलं की सांगते, “माझं शिक्षण गोमूत्र शिंपडून झालंय.”

त्या दिवसापासून कोंबडीला काम उरलं नाही. आखाडात पाहुणे आल्यावर सासूबाईंनी तिच्यावर नजर टाकली, तर मामंजी कडाडले, “दुभाष्याला कापत्यात व्हय?” ती म्हातारी होऊन मेली. मला मामंजींनी जीप शिकवली, आणि निघण्याआधीचा एक नियमही: टाकीचं झाकण उघडायचं, नाक लावायचं, मग ओरडून सांगायचं, “डिझेलच हाय!” उतारू हसायचे. मामंजी सगळ्यांत जास्त.

पुढं ते थकले. दोन हजार सालानंतरची गोष्ट, त्यांना घोडेगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी घाईत, डोळे भरलेले, त्यांना शेजारी बसवलं आणि चावीला हात घातला. तर त्यांनी खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून नाकाखाली ओढून घेतलं, मान खाली घातली, आणि नव्या नवरीच्या बारीक आवाजात म्हणाले, “कोंबडे, वास घेतल्याबिगर चावी फिरवू नको म्हणावं.”

मी हसत हसत उतरले. परत येताना ते बोलणार नव्हते, हे तेव्हा मला कुठं ठाऊक? झाकण उघडलं, नाक लावलं.

डिझेलच होतं, मामंजी.