इक्बालची गोळी आणि माझं वाचन

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या बाजारात मेथी निवडत होतो. जुडी तिथंच टाकून निघालो. दीड महिना झाला, अजून घास नीट उतरत नाही... आणि ते नुसतं दुःख नाही, म्हणून हे लिहितोय.

नारायणगावात जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करणारा हा माणूस मला चाळीस वर्षं ‘सरकार’ म्हणून चिडवायचा, कारण मी तहसील कचेरीत कारकून. कॅन्सर हाडांत उतरला, मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या जोरावर पठ्ठ्या वर्षभर दुकानात बसला. मग दवाखान्यातले जुने डॉक्टर बदलून गेले. नव्यांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. "नवीन नियम आलाय काका. याच्यापेक्षा जास्त गोळ्या लिहिल्या आणि तपासणी झाली, तर लायसन जाईल माझं," म्हणाले. माणूस भला, पण घाबरलेला. परिपत्रकाची झेरॉक्सही दिली त्यांनी. इक्बालनं ती माझ्या हातात ठेवली. "तू वाच रं सरकार. डॉक्टर म्हनतो तसंच हाय का?"

मी वाचलं. म्हणजे काय, तर नोकरीभर वाचत आलो तसं. वरचा विषय, मधला आकडा, खालची सही. टेबलावर कागदांचा ढीग असायचा, सगळं कोण वाचणार? मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "डॉक्टरांचं बरोबर आहे. मर्यादा म्हणजे मर्यादा."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाला. पुन्हा त्यानं गोळीचं नाव काढलं नाही. तीन आठवडे तो धिप्पाड गडी भिंतीकडं तोंड करून कण्हत पडला... आणि गेला.

चाळिसाव्याला शमीमवहिनींनी, त्याच्या बायकोनं, औषधांची पिशवी माझ्याकडं दिली. त्यात ती झेरॉक्स होती. घरी येऊन पहिल्यांदा सबंध वाचली. दुसऱ्याच परिच्छेदात होतं, की ही मर्यादा नव्यानं गोळी सुरू करताना. आधीपासून घेणाऱ्यांचा डोस डॉक्टरांनी दुखणं पाहून ठरवावा. डॉक्टरांनीही तो वाचला नसावा, किंवा वाचून भ्यायले असतील. पण इक्बालनं विचारलं होतं मला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना जाऊन सगळं सांगितलं. खाटेच्या पायथ्याला, उठताना धरायला त्यानं बांधलेली वाइंडिंगची सुती पट्टी अजून तशीच होती, धरून धरून काळी पडलेली. वहिनी तिची गाठ सोडवत राहिल्या. गाठ काही सुटेना.

"मी म्हनत व्हते, पुन्याला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू," त्या म्हणाल्या. "तर म्हनले, सरकारनं सोता वाचलंय. मग झालं."